तीन जणांना वेगवेगळं विचारा

डेव्हेन सरांनी दीनाला ती निळी वही दिली तेव्हा सगळ्यात जास्त खूश मीच झाले होते. आता सांगायला लाज वाटते.

सर आयरिश. सत्तरी ओलांडलेले, मुलांसाठी चार पुस्तकं लिहिलेले, जन्मभर कुठे ना कुठे शिकवत फिरलेले. त्यातली पाच वर्षं आमच्या नागपुरात. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाला ते इथे परदेशात, आमच्या जॉन्सनव्हिल उपनगराच्या हॉलवर आले आणि हात जोडून माझ्या आईला 'जय भीम' म्हणाले, तेव्हा आई तिथल्या तिथे विरघळली. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या तिला इथे मराठी बोलायला मी, माझा नवरा सुगत आणि फोन, एवढेच. धम्मदीना, म्हणजे आमची दीना, अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. त्याच हॉलवर सर शनिवारी मुलांचा लेखनवर्ग घेतात हे कळल्यावर मी लगेच तिचं नाव घातलं.

वहीची पद्धत त्यांच्या देशातली. सरांच्या आईच्या लहानपणी तिकडे शाळेतली मुलं घरच्या म्हाताऱ्यांना विचारून जुन्या गोष्टी वहीत उतरवून आणत. सर दर शनिवारी लाल शाईने एक विषय लिहून देत. पहिला: पाणी कुठून आणायचे? दीना आठवडाभर आजीच्या मागे मागे. दुसरा: घरगुती औषधं. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट, तरी आईचं ओवा-हळद पुराण मुकाट ऐकलं. तिसरा: तुमचं नाव कोणी ठेवलं?

"मावशीनं ठेवलं ना तुझं नाव," आई सहज म्हणून गेली. ते खरंच होतं. मी भाजी परतत राहिले.

चौथ्या शनिवारी दीनानं गाडीत बसताबसता वाचून दाखवलं. "द डे यू वेअर बॉर्न. आस्क थ्री पीपल, सेपरेटली."

सांगूनच टाकते. दीना माझ्या पोटची नाही. माझ्या धाकट्या बहिणीची, सुनीताची, लग्नाआधीची. दहा दिवसांची असताना आम्ही तिला घेतलं, रीतसर कागदपत्रं केली आणि दोन वर्षांनी इकडे आलो. पुढे सुनीताचं लग्न झालं. तिच्या नवऱ्याला, सासरच्यांना यातलं काही माहीत नाही. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करते, मावशी म्हणून. एकाच्या तोंडून एक शब्द निसटला तर माझी लेक जाईल आणि सुनीताचा संसारही. आणि आमचा गाढवपणा असा, की अकरा वर्षांत नेमकं खोटं काय सांगायचं ते आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं ना!

रविवारी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "पहाटे झाली म्हणायचं. आणि बाळंतपण माझं. बस."

"अगं, पण दुपारचे दोन वाजले होते. केवढं ऊन! सुनीता नुसती तळमळत..."

"आई!"

"बरं बाई, पहाट." आईला सकाळचा चहा घेतलेला आठवत नाही. ती दुपार मात्र लख्ख आठवते.

सुगतलाही तेच बजावलं, तर म्हणाला, "चिल, विनया. पोरगी आहे, विसरून जाईल." त्या क्षणी मला तो नकोसा झाला.

गुरुवारी मी कामावरून लवकर निघून सरांकडे गेले. हॉलमध्ये ते एकटेच खुर्च्या लावत होते. बाहेर वाऱ्यानं पत्रा सारखा वाजत होता. "सर, हा विषय तेवढा बदला," मी म्हणाले. त्यांनी 'का' असं विचारलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"माझ्या आईची तशी वही अजून माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "फार सुरेख अक्षर. मी बावन्न वर्षांचा असताना ती गेली. तिला पुरून आलो आणि मावशी म्हणाली, तू तिचा नव्हतास, तुला नन्सकडून आणलं होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून जिथे शिकवतो तिथे चौथा विषय हाच असतो."

मी भडकले. "म्हणून आमची पोरं कामाला लावायची? घरं मोडतात यानं, सर."

"काही मोडली," ते खुर्ची सरळ करत म्हणाले. "वही मी वाचणार नाही. पण विषय राहील."

घरी आले तर दीना पेन्सिल घेऊन टेबलाशी बसलेली. "आज्जी अँड डॅड आर डन. युअर टर्न."

मी सांगितलं. पहाट. ऊन अजून आलं नव्हतं. नर्सनं तुला माझ्या कुशीत ठेवलं. आवाज जरासुद्धा हलू दिला नाही मी.

"डिड इट हर्ट?"

"खूप."

 मग तिनं तेही लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी ती टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, शोधत होती. वही टेबलावर होती. मी उघडली. तीन चौकटी: आजी, बाबा, आई. तिन्हींत पहाट, तिन्हींत नर्स, तिन्हींत माझं नाव. शब्दन् शब्द सारखा. मी खुर्चीवर बसले. सुटलो, असं वाटलं.

मग खिडकीतून पानावर ऊन आलं. आजीच्या आणि बाबांच्या चौकटीतला कागद खरबरीत झाला होता. दीना पेन्सिल दाबून लिहिते, खोडलं तरी वळ राहतात. मी पान तिरकं धरलं. बाबांच्या चौकटीत दुपार होती. आजीच्या चौकटीत दुपार होती, आणि तीन वेळा सुनीताचं नाव.

"दे गॉट इट रॉन्ग." दीना दारात उभी होती, पायात जँडल्स, रबरी चपला घालून तयार. "सो आय फिक्स्ड इट. ऑल थ्री मॅच नाऊ."

 तिनं माझ्या हातातून वही घेतली, बॅगेत घातली, चेन लावली. आतल्या खोलीत आजी गुणगुणत होती. दीना माझ्या कानाशी वाकली आणि अगदी हळू, मराठीत म्हणाली, "उद्या मावशीला काही बोलू नकोस हं. तिच्या घरी कळेल."

मी "बरं" म्हणाले.