वीस मिनिटांचं ताट

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. लहानपणी मी जेवायला बसले की ते माझ्या ताटाशेजारी गजराचं घड्याळ ठेवायचे. वीस मिनिटं. गजर वाजला की ताट उचललं जायचं, मग ते संपलेलं असो वा नसो.

“बाबा, घास अडकतोय,” मी म्हणायचे.

“थेरं आहेत नुसती!”

आई मूग गिळून बसायची. तिला निदान गिळता तरी येत होतं. भावानं माझं नाव ठेवलं गोगलगाय, आणि ते सासरपर्यंत माझ्या आधी पोचलं.

बेचाळीस वर्षं मी घासागणिक पाण्याचा घोट घेत जेवले. गेल्या महिन्यात बटाट्याची फोड छातीत रुतून बसली, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी फिल्म दाखवली. उजव्या हाताला रक्त नेणारी धमनी माझ्यात जन्मापासूनच अन्ननलिकेच्या मागून गेली होती आणि तिला दाबत होती.

“बहुतेकांना असं काही आहे हे आयुष्यभर कळतही नाही,” त्या म्हणाल्या. “एखाद्या बाळाला धाप लागते, खोकला हटत नाही. तुमचा घास अडकतो. ऑपरेशन करता येईल.”

लोकांना अशा वेळी हायसं वाटतं म्हणे. माझं डोकं फिरलं. फिल्म घेऊन मी तडक दुकानात गेले. मला बाबांच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता: चुकलो.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, फिल्म दिव्यासमोर धरली. मी बोटानं जागा दाखवली.

“ही मागून गेलीय होय,” ते म्हणाले. यंत्र त्यांना लगेच कळतं. मग त्यांनी भिंग काढलं आणि फिल्म माझ्याकडे सरकवली. “तेव्हाच नीट सांगायचंस ना!”

चोराच्या उलट्या बोंबा! रोज दोन वेळा सांगत होते मी. तेच तोंडावर फेकणार, तोच एक बाई आत आल्या आणि त्यांनी मनगटी घड्याळ काउंटरवर आपटलं.

“रोज पाच मिनिटं मागे पडतंय मेलं. फेकूनच देणार होते.”

बाबांनी ते ओंजळीत उचललं, कानाशी धरलं.

“त्याला कशाला बोल लावता, ताई? आत काहीतरी अडकत असेल बिचाऱ्याच्या. उघडून बघितल्याशिवाय दोष देऊ नये.”

इतक्या मायेनं ते माझ्याशी एकदाही बोलले नव्हते.