परक्याची परात

मी एक जुनी पितळी परात आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी बहुतेकांनी परात पाहिली असेल ती स्टीलची, हलकी, पडली की घरभर वाजणारी. मी तशी नाही. मला उचलायला दोन हात लागतात आणि एकदा ठेवली की मी जागची हलत नाही. स्वभावही थोडा तसाच आहे. सध्या मी नागपुरात, प्रतापनगरातल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात राहते. त्याआधी कितीतरी वर्षे मी माळ्यावर होते आणि त्या घरातली माणसे मला आपली मानत नव्हती. असे का झाले, तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. भंडाऱ्याची पितळेची भांडी तेव्हा दूरदूर जात. तिथल्या एका तांबटाने पत्रा तापवून, ठोकून मला आकार दिला आणि मग मठारले, म्हणजे लहान हातोडीने अंगभर सारखे ठोके घातले. ते ठोके अजून माझ्या अंगावर आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. नागपूरच्या माधवराव वझलवारांनी मला मुलीच्या रुखवतासाठी घेतले. मुलीचे नाव गोपिका. त्या काळी लग्नकार्यात शेजारीपाजारी एकमेकांची भांडी नेत आणि पंगती उठल्या की कोणाचे कुठले याचा गोंधळ होई. म्हणून भांड्यावर नाव घालून घेण्याची पद्धत होती. माझ्या काठावरही ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरले गेले: गोपिका मा. व., शके १८२७.

लग्न होऊन गोपिका नागपुरातल्याच महाल वस्तीतल्या पांढरीपांड्यांच्या घरी आली. तिने माप ओलांडल्यावर माझ्यातच तांदूळ पसरले आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यांत तिचे नवे नाव लिहिले, जानकी. आपल्याकडे ही रीतच आहे. सगळ्यांना साखर वाटली, तांदूळ पुन्हा डब्यात गेले आणि त्या दिवसापासून त्या घरात तिला गोपिका म्हणून कोणी हाक मारली नाही. मला मात्र तिचे पहिले नाव पुसता येणार नव्हते. पितळेवर घातलेले नाव असे सहज जात नाही.

जानकी कामाला वाघ होती. पहाटेपासून माझ्यात कणीक तिंबायची, ती बारा माणसांची. पण दुपारी घर निजले की ती मला घेऊन माजघरात बसे. बाजूला तांदळाचे सूप. मला मांडीवर पालथी घाली, माझ्या पाठीवर कागद ठेवी आणि शिसपेन्सिलीने लिहू लागे. कोणाचे पाऊल वाजले की कागद माझ्या बुडाखाली, मी सुलटी, तांदूळ माझ्यात, आणि ही आपली खाली मान घालून खडे वेचते आहे. त्या घरातल्या तांदळात इतके खडे कसे निघतात, असे एकदा तिच्या नवऱ्याने विचारलेही होते.

एका दुपारी सासूबाई पाऊल न वाजवता आल्या. घाईत मी तिच्या हातून निसटले आणि पाट्याच्या दगडावर आपटले. माझ्या बुडाला चीर गेली.

"तांदूळ निवडता निवडता परात फुटते काहून वं?" सासूबाईंनी विचारले.

कागद जानकीने तेवढ्यात पदराखाली घेतले होते. पुढे तांबट आला. त्याच्याजवळ पितळेचा तुकडा नव्हता, म्हणून त्याने तांब्याचा डाग दिला, विड्याच्या पानाच्या आकाराचा. आतून नुसती रेघ दिसते. पान पाहायचे तर मला पालथीच करावी लागते.

शेवटी तिची कादंबरी पुरी झाली. 'कमळजा अथवा घर कोणाचे' असे तिचे नाव. धाकटा भाऊ अनंत भाऊबीजेला आला आणि फराळाच्या डब्याखाली लपवून कागद घेऊन गेला. छापखान्याच्या खेपा त्यानेच घातल्या. पुस्तकावर नाव मात्र 'गोपिका माधव वझलवार' असे छापायला तिने सांगितले. सासरचे नाव घातले असते तर घरात कळले असते, हे एक. पण ती अनंताला असेही म्हणाली होती, "जानकी स्वयंपाक करते रे. लिहिते ती गोपिका."

पुस्तकाची एक प्रत अनंताने हुशारीने आमच्या घरी आणली. नावाचे पान आधीच काढून टाकलेले; एका बाईने लिहिले आहे, एवढेच त्याने सांगितले. जानकीचा नवरा रोज संध्याकाळी ती आईला वाचून दाखवी. सासूबाई माझ्यात तांदूळ घेऊन ऐकत बसत आणि जानकी चुलीपुढे पोळ्या लाटत असे. सासूबाईंना गोष्ट फार आवडली.

"कोण बाई आहे ही? इच्या घरी सासू नसंल," असे त्या म्हणत.

मग एका संध्याकाळी नवऱ्याने वाचले: "कमळजेने परात पालथी घातली. तिच्या पाठीवर डाग दिलेले तांब्याचे पान होते. त्या पानावर कागद नीट बसत नसे, म्हणून कमळजेची प्रत्येक ओळ तेथे जराशी उडी मारी."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग चुलीकडे. पोळी तव्यावर करपत होती आणि जानकीला ती उलटायचे भान नव्हते.

"काय झालं आई?"

"काई नाही. वाच पुढे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी स्वतःच मला उचलून आणले आणि जानकीपुढे ठेवले. "तांदूळ निवडायचे राहिले ना तुझे? जाय, बस. मी आहे इकडे." एवढेच बोलल्या. मित्रांनो, मी पुष्कळ लग्ने पाहिली, मुंजी पाहिल्या, कौतुकाचे मोठमोठे शब्द ऐकले. पण त्या दुपारइतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

दुसरी कादंबरी काही पुरी झाली नाही. मानमोडीच्या तापाची साथ आली आणि तिने एकाच पंधरवड्यात सासूसुना दोघींना नेले. जानकीचा मुलगा तेव्हा पाळण्यातून नुकताच उतरला होता. पुढे वडीलही गेले आणि त्याला दूरच्या आत्याने वाढवले. आईविषयी त्याला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे तिचे नाव जानकी.

तो मोठा झाला, त्याचे लग्न झाले, नीला नावाची सून घरात आली. नीलाबाई टापटिपीच्या. त्यांनी सगळी भांडी काढून घासली आणि माझ्या काठावरचे नाव वाचले. "गोपिका कोण हो?" असे नवऱ्याला विचारले. तो म्हणाला, "आपल्याकडे या नावाचं कोणीच नाही." झाले. मी कुठल्या तरी लग्नघरातून बदलून आले असणार, असे नीलाबाईंनी ठरवले. त्या बाई सचोटीच्या. मला घेऊन त्या गल्लीतल्या घरोघर फिरल्या, पण गोपिका कोणाचीच निघाली नाही. तेव्हा त्यांनी मला धुऊन, पुसून, फडक्यात बांधून माळ्यावर ठेवले. परक्याची वस्तू वापरायची नाही आणि विकायचीही नाही. मालक आला की द्यायची.

मी तिथे राहिले. खाली माझ्यासारख्याच पितळी भांड्यांच्या मोडीवर स्टीलचे डबे आले. माझ्या बरोबरीच्या घागरी गेल्या, तपेली गेली. मी परक्याची होते म्हणून वाचले. पण वाचणे आणि असणे यांत फरक आहे, तो माळ्यावर राहिल्याशिवाय कळत नाही. मी काळी पडले. ज्या राखेने मला घासत ती चुलीबरोबर गेली. आता कोराडीच्या वीजकेंद्राकडून वाऱ्यावर राख येते म्हणतात, पण ती भांडी घासायच्या कामाची नाही.

नीलाबाईंनंतर त्यांची सून चारुलताबाई घर पाहू लागल्या. महालातले घर सोडून सगळे प्रतापनगरला आले तेव्हा त्यांचा मुलगा पुष्कर म्हणाला, "आई, ही काळी परात भंगारात दे ना."

"आपली असती तर दिली असती," चारुलताबाई म्हणाल्या आणि मी फ्लॅटच्या माळ्यावर गेले.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी दारावरची बेल वाजली. आलेल्या मुलीचे नाव रोशनी. ती कामठीहून शेअर ऑटोने आली होती आणि मराठीत पीएच.डी. करत होती. माळा स्वयंपाकघराच्या वरच असल्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

"काकू, तुमच्याकडे गोपिका नावाचं कोणी होतं काय?"

"नाही वं पोरी. यांच्या आजीचं नाव जानकी. फार लवकर गेली ती. बस, चहा ठेवते."

चहा घेता घेता रोशनीने सांगितले. कमळजेची ती जुनी कादंबरी आता नव्याने छापली जाणार होती. तिचे मार्गदर्शक सरच संपादक होते आणि त्यांचे मत असे, की गोपिका नावाची बाई नव्हतीच, भाऊ अनंतच एका कल्पित बहिणीच्या नावाने लिहीत होता.

"सरांचंही अगदीच चूक नाही, काकू. त्या काळात पुरुष बाईच्या नावानं लिहायचे. छापखान्याचा सगळा व्यवहार भावाचा. मी तीन वर्षं फिरून राहिली. वझलवारांकडे एवढंच आठवते, का एक आत्या महालातल्या पांढरीपांड्यांकडे दिली होती. नाव कोणालेच माहीत नाही. तुमचं हे पांढरीपांड्यांचं शेवटलं घर."

"मग आता?"

"आता मुखपृष्ठावर भावाचं नाव येईल. पुढच्या आठवड्यात छापायले जाते."

कप खाली ठेवून ती उठली. चपला घालत होती तेवढ्यात चारुलताबाई म्हणाल्या, "थांब वं जराशी. गोपिका नावाची एक परात आहे आमच्याकडे. पण ती आमची नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी त्या घरातले माणूस ते नाव घेत होते. मला रडता येत असते तर मी रडले असते.

रोशनी स्टुलावर चढली आणि तिने मला खाली उतरवले. मोबाइल काढला तर चारुलताबाई म्हणाल्या, "दुसऱ्याची वस्तू आहे, फोटो काढला तर चालते काय?" मग दोघींनी मिळून माझ्या काठाला चिंच लावली आणि ठिपके उजळू लागले.

"मा. व.," रोशनी हळूच म्हणाली. "माधव वझलवार. काकू, ही परात तिचीच आहे. पण मग ती तुमच्याकडे कशी?"

चारुलताबाई खुर्चीवर बसल्या.

"माझं माहेरचं नाव सिंधू," त्या म्हणाल्या. "लग्नात बदललं. आई गेल्यापासून त्या नावानं कोणी हाक नाही मारली मले. माझ्या पुष्करलेसुद्धा माहीत नाही." आणि मग माझ्या काठावर हात ठेवून, "म्हणजे जानकी हीच गोपिका. आम्ही आजेसासूलेच परकी करून बसलो वं."

रोशनीचे डोळे भरून आले, पण ती अभ्यासू मुलगी होती. तिने मला पालथी केली. तांब्याचे पान दिसले तशी ती कमळजेच्या परातीचा उतारा पाठ म्हणू लागली, एकही शब्द न चुकता.

दुसऱ्या दिवशी सर आले. त्यांनी काठ वाचला, पान पाहिले. "बाई होती हे मान्य. पण परातीचं पान भावानंही पाहिलं असेल," ते म्हणाले.

"भाऊ पाहुणा येते सर, फराळ खाते अन् जाते," चारुलताबाई म्हणाल्या. "परातीची पाठ घासणारीलेच ठाऊक असते."

सर हसले. मग त्यांनी मला मांडीवर पालथी घेतली, माझ्या पाठीवर कागद ठेवला आणि पेन्सिलीने एक ओळ लिहिली. तांब्याच्या पानावर येताच ओळीने जराशी उडी मारली. सरांनी दुसरी ओळ लिहिली. तिनेही उडी मारली. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि छापखान्याला फोन लावला. "मुखपृष्ठ थांबवा. नाव बदलायचं आहे."

पुस्तक आले त्या दिवशी रोशनी पहिली प्रत घेऊन घरी आली. मुखपृष्ठावर नाव होते: गोपिका माधव वझलवार. चारुलताबाईंनी मला ओट्यावर घेतले, माझ्यात तांदूळ पसरले आणि अंगठी बोटातून निघेना म्हणून बोटानेच लिहिले, गोपिका. थोडे थांबल्या. मग खाली लहान अक्षरांत लिहिले, सिंधू. दोघी हसल्या. नंतर त्याच तांदळाची खिचडी झाली. आता माझ्यात रोज कणीक भिजते आणि माझी पाठ दुखावी इतके कामही नसते.

मित्रांनो, घरातले जुने भांडे मोडीत घालण्याआधी एकदा त्याचा काठ वाचा आणि ते पालथे करून पाहा. मधूनमधून चिंचेने घासलेत तर आम्हाला बरे वाटते, हेही खरे. पण भांड्यांचे राहू द्या. आधी आजीजवळ जाऊन बसा आणि विचारा, लग्नाआधी तुझे नाव काय होते? ती सांगेल. मग ती कामाला लागली की मागून त्या नावाने एकदा हाक मारा. ती वळून पाहील.