आप्पांच्या तोंडातला सुळा

"निघाला! पिशाच्चाचा दात निघाला!"

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसांना ढकलत मी आत घुसले. आप्पांना खुर्चीला करकचून बांधलं होतं. बुवा त्यांच्या थोबाडीत हाणत होता, ओठ फुटून बनियन रक्तानं माखलं होतं. बुवाच्या चिमटीत एक लांबलचक, रक्ताळलेला सुळा.

"दात निघाला, मूळ राहिलं! तेही उपटतो!" म्हणत या महान आत्म्यानं पक्कड उचलली.

मी दातांची डॉक्टर. आप्पांना स्मृतिभ्रंश झालाय. दवाखान्याला ते घाबरतात, म्हणून मागच्या आठवड्यात घरीच पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवून मी त्यांच्या दातांचं चित्र घेतलं होतं. आज मी उपचार करायला आले, तर घरात हा तमाशा!

"पक्कड खाली ठेव!" मी ओरडले.

"हे तुमच्या पुस्तकात नाही, बाई."

"भरवताना चावतात हो," आप्पांची लेक रडत म्हणाली. तिच्या मनगटाला पट्टी होती. "आप्पा असे नव्हते. कुणीतरी शिरलंय त्यांच्यात."

मी टॅबलेट सगळ्यांसमोर धरला आणि पडद्यावरचा जबडा बोटानं फिरवला. "नीट बघा. आप्पांचे चारही सुळे कधीच पडलेत. मग हा कुणाचा उपटला?"

मी बुवाचं मनगट धरलं. त्यानं मला कपाटावर आपटलं, पण झटापटीत त्याच्या बाहीतून आणखी दोन सुळे टपकले. कुत्र्याचे, वाळलेले. रक्त तेवढं आप्पांचं, नखानं हिरडी फाडून काढलेलं.

बुवाला घरी घेऊन आलेल्या आप्पांच्या मुलानंच त्याला भिंतीवर आदळलं, तीच पक्कड उगारली. "थांबा!" मी मध्ये पडले. "पोलिसांना बोलवा."

मग चित्रातली मागची दाढ दाखवली. तुटलेली, धारदार. प्रत्येक घासाला जीभ कापत होती. "दुखतंय हे सांगायला त्यांच्याकडे शब्द उरले नाहीत. म्हणून चावतात."

लेकीनं दोर सोडला आणि त्यांच्या गालाकडे हात नेला. आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तिला काय सांगू? तुम्हाला सांगते. घरातलं म्हातारं माणूस अचानक ओरडायला, मारायला लागलं, तर बहुतेकदा त्याला काहीतरी दुखत असतं. बुवाला नको, डॉक्टरला बोलवा.