हळदीची कॉपी

विश्वजीतनं हेडफोनचा उजवा कान घट्ट दाबून धरला आणि गाणं पुन्हा मागं नेलं. पद्मजा वकिलांनी आपला लॅपटॉप त्याच्याकडं वळवून दिला होता, आणि समोर बसून त्या थंड होत चाललेल्या चहाकडं बघत होत्या.

"झालं का?"

"अजून एकदा, मॅडम."

ते सिनेमातलं गाणं अख्ख्या देशाला पाठ होतं. रिक्षात तेच, लग्नात तेच, शाळेच्या गॅदरिंगला तेच. नायिका नायकाच्या मागं धावते आणि लाडात म्हणते, 'ए थांब नाऽ', की लगेच खालून ठेका उसळतो आणि पब्लिक वेडं होतं. तो ठेका विश्वजीतचा होता. चिकलठाण्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आल्यावर, मुकुंदवाडीच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं तो एकेक ठोका जोडून बसवला होता. शिकवायला कुणी नव्हतं. कन्नड तालुक्यातून आलेले वडील दारातून डोकावून म्हणायचे, "हे ढिंच्याक खाऊ घालणार का तुला?" खाऊ घालेल असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं. त्यानं ते इंटरनेटवर फुकट टाकून दिलं होतं. लोकांनी ऐकावं, एवढंच.

आणि मागच्या महिन्यात त्याच इंटरनेटनं त्याला कळवलं होतं की तुम्ही एका नामांकित कंपनीचं संगीत चोरलेलं आहे, सबब तुमचं गाणं काढून टाकण्यात येत आहे. वा रे न्याय! ज्याचं पोर पळवलं, त्यालाच पोरं पळवणारा म्हणून धरायचं.

पद्मजाताईंनी नोटीस पाठवली, तिला कंपनीचं उत्तर आलं. हे संगीत आमच्याकडं रीतसर आलेलं आहे, ज्यानं दिलं त्यानं ते स्वतःचं असल्याचं लिहून दिलेलं आहे. त्याचं नाव मात्र कोर्टात सांगू.

"मला एक गोष्ट कळत नाहीये," पद्मजाताई म्हणाल्या. "तुमच्या गाण्यात मध्ये मध्ये ते तुमचं नाव येतं ना?"

"टॅग, मॅडम. 'विश्वा मिक्स, मुकुंदवाडीऽ'. आमच्याकडं सगळेच टाकतात. वरातीत गाणं वाजलं का नाव बी वाजतं. कुणी चोरू नाय म्हणून."

"मग यांच्या गाण्यात ते कसं नाही? काढून टाकलं असेल?"

"काढता येत नाय. चहात विरघळलेली साखर काढता येती का?"

"म्हणजे नाव नसलेली कॉपी यांना कुठून तरी मिळाली. ती कुणाला दिली होती तुम्ही?"

कुणालाच नाही, असं म्हणायला विश्वजीतनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कानात नायिका म्हणत होती, 'ए थांब नाऽ'. त्या 'ना'च्या शेपटाला काहीतरी लोंबत होतं. कापणाऱ्यानं घाईत कापलं होतं, पुढच्या अक्षराचा एक कण तिथं राहून गेला होता. ऐकणाऱ्याच्या लक्षात येणार नाही इतका बारीक. पण विश्वजीतनं तो आवाज स्वतःच्या हातानं त्या जागी बसवला होता. तो 'द' होता.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

दोन वर्षांपूर्वी प्रेरणाच्या, त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, ती चार दिवस त्याच्याशी भांडत होती. "माझ्या हळदीत दर मिनिटाला तुझं नाव कशाला रे? हळद माझी का तुझी?" शेवटी त्यानं तिच्यासाठी एक बिनटॅगची कॉपी काढली. आयुष्यात एकच. जिथं त्याचं नाव यायचं तिथं भोकं पडली, म्हणून त्यात त्यानं तिचाच आवाज भरला. बस्त्याच्या खरेदीला गेले असताना गुलमंडीच्या गर्दीत ती पिशव्या घेऊन मागं राहिली होती आणि ओरडली होती, 'ए थांब नाऽ दादा!' फोनवर व्हिडिओ चालूच होता, त्यातून उचललेला तो आवाज. हळदीत तो वाजला तेव्हा प्रेरणा मेंदीच्या हातांनी त्याला मारायला धावली होती आणि मांडवभर हशा पिकला होता.

मग नवरदेवाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. त्यांनी प्रेरणाला हळद लावली, गाण्यावर नाचल्या, आणि जाताना "वरातीला आमच्याकडं बी वाजवू की" म्हणून पेनड्राइव्ह घेऊन गेल्या. हळदीला लावलेला साऊंड तर नवरदेवाच्याच दुकानातला होता. सोयऱ्यांना नाही कसं म्हणायचं? हळद येते त्या वाटेनं काहीतरी परत जाणारच. पुढं कॉम्प्युटर बंद पडला, दुकानदारानं सगळं पुसून परत दिला, आणि त्या कॉपीची विश्वजीतला आठवणही राहिली नाही.

"मॅडम, हा आवाज त्या हिरोइनीचा नाय," तो म्हणाला. "माझ्या बहिणीचा हाय."

पद्मजाताई सरसावून बसल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! तुमचं मूळ काम पुसलं गेलं, इंटरनेटवरचं त्यांनी काढायला लावलं. आपल्या हातात काहीच उरलं नव्हतं. आता बहिणीनं फक्त एवढं म्हणायचं की आवाज माझा आहे, भावानं माझ्या हळदीसाठी घेतला. बाकीचं मी बघते." मग त्यांनी विचारलं, "ती कॉपी गेली कुणाकडे, हे कोर्ट विचारणारच. ठाऊक आहे ना?"

"लग्नघर हाय. कुणाच्या बी हाती जाती."

त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "जाऊन बोला बहिणीशी. आणि बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. उद्या कुणी फिरलं तर."

उस्मानपुऱ्यात प्रेरणाच्या नवऱ्याचं, ऋतुराजचं, साऊंडचं दुकान खाली आणि घर वर होतं. दुकानात नवेकोरे स्पीकर छताला टेकले होते. दारावर नवा बोर्ड लागला होता, त्यावर 'इव्हेंट्स, म्युझिक, प्रॉडक्शन' असं लिहिलेलं. प्रॉडक्शन कशाचं, हे विश्वजीतनं कधी विचारलं नव्हतं. त्यानं जिन्यातच रेकॉर्डिंग चालू केलं आणि वर गेला. सख्ख्या बहिणीच्या घरात असं चोरासारखं शिरताना त्याला स्वतःची शिसारी आली.

"या या, पाव्हणे!" ऋतुराज सोफ्यावरून उठला. नको इतक्या लगबगीनं. "अगं, कोण आलंय बघ. बसा, एसीखाली बसा."

विश्वजीतनं फोन टीपॉयवर पालथा ठेवला. प्रेरणा चहा घेऊन आली. कप ठेवताना टीपॉयवर थोडा चहा सांडला, तेव्हा तिनं फोन उचलला, पदरानं पुसला आणि पलीकडच्या कोरड्या जागी तसाच पालथा ठेवला. मग ट्रे छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. दोन वर्षांत ती बारीक झाली होती.

"ऐकलं, तुम्ही केस-बिस करताय म्हणे," ऋतुराज म्हणाला. "कशाला, यार? बड्या लोकांशी भिडून आपल्याला काय मिळणार? खालीपिली टेन्शन."

"दाजी, मी प्रेरणाला एक विचारायला आलो." विश्वजीत तिच्याकडं वळला. "त्या गाण्यातला 'ए थांब ना' तुझा हाय ना?"

"अहो, असा आवाज कुणाचा बी असतो," ऋतुराज म्हणाला.

"मी तिला विचारलं."

प्रेरणा ट्रेच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत.

"नाय," ती म्हणाली. "माझा नाय तो."

"गुलमंडीवर तू पिशव्या घेऊन मागं..."

"मला नाय आठवत."

"हळदीत तू मला मारायला धावली होतीस, प्रेरणा!"

"दादा, नाय म्हणलं ना."

ती त्याच्याकडं बघत नव्हती. ऋतुराजकडंही नाही. ऋतुराजनं मात्र मोठा श्वास सोडला आणि विश्वजीतच्या गुडघ्यावर थाप मारली.

"बघा. विषय संपला. आणि एवढं मनाला लावून घेऊ नका, राव. मी सांगतो त्यांना, पुढच्या गाण्यात तुमचं नाव टाका म्हणून. आपला शब्द लई चालतो तिथं."

"तिथं म्हंजे कुठं, दाजी?"

ऋतुराजनं चहाचा कप उचलला, त्यात बघितलं आणि परत ठेवला. "म्हंजे... लाइनीत असतीच की ओळख. धंदा हाय आपला."

विश्वजीतच्या अंगाचा तिळपापड झाला. उठून ऋतुराजची गचांडी धरावी आणि त्याला खालच्या त्या नव्याकोऱ्या स्पीकरांवर आदळावं, असं त्याला वाटलं. पण भिंतीपाशी ती उभी होती. तिचा ट्रेवरचा अंगठा थांबला होता आणि नखाखालचं बोट पांढरं पडलं होतं. ऋतुराजला काही झालं तर त्याचा सगळा राग कुणावर निघणार, हे विश्वजीतला त्या अंगठ्यावरून कळलं.

"बरं," तो म्हणाला. "येतो मी."

त्यानं फोन शर्टाच्या खिशात टाकला. पायात चप्पल सरकवली. ऋतुराज जेवून जा म्हणाला, त्याला उत्तर दिलं नाही. जिना अर्धा उतरला असेल, तेव्हा वरून आवाज आला.

"ए थांब नाऽ दादा!"

तोच सूर. 'थांब' ओढलेला, 'ना' वर चढवलेला, आणि पाठोपाठ 'दादा', मध्ये श्वासभरही जागा न सोडता. विश्वजीतनं वर पाहिलं. प्रेरणा कठड्याला धरून उभी होती, एकटी. हातात डबा नाही, पिशवी नाही, काही नाही.

"काय गं?"

"काय नाय." तिचे डोळे त्याच्या खिशावर होते. "फोन सांभाळून ने."

आतून ऋतुराजनं काहीतरी विचारलं. "काही नाही हो," असं म्हणत ती आत गेली आणि दार लागलं.

मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर, घराकडं जायच्या वाटेवरच्या बाकड्यावर, विश्वजीतनं ते रेकॉर्डिंग ऐकलं. चप्पल, जिना, 'या या पाव्हणे', कपांची किणकिण. तिचं 'नाय'. तिचं दुसरं 'नाय'. ऋतुराजची ओळख. आणि सगळ्यात शेवटी, खिशातूनही लख्ख आलेली ती हाक. 'ना'ला चिकटलेला 'द' असा की कुणी बहिऱ्यानंही ओळखावा. गाण्यातला तुकडा आणि हा तुकडा शेजारी ठेवला की कंपनीचे सगळे वकील गप्प बसले असते.

फोन पदरानं पुसताना तिनं पडद्यावर चालू असलेलं रेकॉर्डिंग बघितलं होतं. तिला ठाऊक होतं. नवऱ्यासमोर तिला नाही म्हणावं लागलं, आणि जेवढं तिच्या हातात होतं तेवढं तिनं जिन्यात आणून दिलं. आता हे वापरलं की त्याचं नाव झालं असतं, गाणं परत मिळालं असतं, वडिलांच्या तोंडावर मारता आलं असतं. आणि संध्याकाळपर्यंत त्या घरात प्रेरणाचं काय झालं असतं, हे सांगायला वकील लागत नव्हता. तिनं तेही ओळखून दिलं होतं. ह्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला. सगळ्यांनी घेतलं आणि ठरवायचं मात्र त्यानं!

फोन वाजला. पद्मजाताई होत्या.

"काय म्हणाली बहीण?"

"तिचा नाय म्हणती."

"तुम्हाला तर खात्री होती."

"चुकलं माझं ऐकण्यात."

"विश्वजीत, रेकॉर्डिंग केलंत ना? मला पाठवा. मी एकदा ऐकते."

"इसरलो, मॅडम. चालूच नाय केलं."

"मग आता केस उभी राहणं कठीण आहे. कंपनीचं नुकसान केलं म्हणून ते उलट तुमच्याच मागं लागतील. माफी लिहून द्यायला लावतील."

"देतो," तो म्हणाला. "काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

त्यानं फोन ठेवला. मग सवयीच्या बोटांनी ते रेकॉर्डिंग उघडलं, बाकीचं सगळं कापून टाकलं आणि फक्त शेवटची हाक ठेवली. तिला कसलंच नाव दिलं नाही.

फलाटाच्या टोकाला दोन कॉलेजच्या मुली रील काढत होत्या. एकीनं फोन धरला होता. दुसरी पळत आली, थांबली, हात पुढं करून गाण्याबरोबर ओरडली, 'ए थांब नाऽ', आणि ठेका उसळताच नाचायला लागली. छान नाचत होती पोरगी. ठेका चुकत नव्हता. विश्वजीत तिच्या ओठांकडं बघत राहिला. गाण्यात पुढं एक शब्द होता, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.