गवर असेपर्यंत

आमची तनया बोलायला उभी राहिली की ऐकत राहावं असं बोलते. यंदा कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने वर्णभेदावर भाषण केलं. पेडण्याच्या किनाऱ्यावर गोऱ्या पाहुण्याला खोली लगेच मिळते आणि आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलाला 'शिल्लक नाही' म्हणून सांगतात, इथून सुरुवात करून ती थेट आपल्या सगळ्यांच्या उंबऱ्यापर्यंत आली. पहिलं बक्षीस मिळालं, व्हिडिओ फोनाफोनी फिरला. मी सुमंगला, तिची आत्या. मुलांना भाषणं लिहून देण्यात माझी शाळेतली हयात गेली, पण असं भाषण मला कधी सुचलं नाही.

हीच मुलगी गणेशचवथीच्या आदल्या संध्याकाळी बापासमोर एक वाक्य बोलू शकली नाही.

लाटंबार्श्यात आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, चवथीला घुमट-आरतीचा मेळ घरोघर फिरतो. माझा भाऊ गुरुदास, तनयाचा बाप, मेळाचा म्होरक्या. मुलगे मातीच्या मडक्याचे घुमट वाजवतात, तनया दोन काठ्यांनी शामेळ वाजवते आणि झांज अर्चनाच्या हातात. अर्चनाचे आईबाप, दादू आणि हौसा, गडहिंग्लजकडचे. दादू कारखान्यात कामाला. काजूच्या बागेपलीकडे भाड्याच्या खोलीत ती तिघं राहतात. अर्चनाचा जन्म इथला, बोली आमची, आणि तालाला ती आम्हा सगळ्यांपेक्षा पक्की. तरी वाड्यावर त्या खोलीला 'घाट्यांची खोली' म्हणतात. त्यांच्या तोंडावर नाही म्हणत. आम्ही सभ्य माणसं.

मेळ त्या खोलीवर कधी गेला नव्हता. त्यांचा गणपती त्यांच्या गावी असायचा, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता. यंदा दादूने गणपती इथेच आणायचं ठरवलं. शेवटची तालीम संपल्यावर अर्चनाने तनयाला विचारलं, "आमच्याकडे येतलात मा गे?"

"येतलांव तर," तनया म्हणाली. हे म्हणायला तिला काहीच वेळ लागला नाही.

अर्चना घरी गेली आणि आमच्या सोप्यावर मेळाची माणसं उद्याचं बोलायला बसली. निहार हा घुमट वाजवणारा मुलगा तनयाच्या कानात म्हणाला, "तू उलय, मी तुझ्या फाटल्यान आसंय." बाकीच्या पोरांचंही तेच: अर्चनाकडे जायचं, पण बोलायचं तनयाने. सगळ्यांना दुसऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं होतं.

तेवढ्यात म्हातारे बाबाजी म्हणाले, "घरां तीच. जां चलत इलां, तां चलांदे." गुरुदासने मान हलवली. तनयाने तोंड उघडलं आणि मला म्हणाली, "आत्ये, पाणी दी."

मी पाणी दिलं. काय करणार?

चवथीच्या रात्री आम्ही बायका मेळाच्या मागून चाललो होतो. बागेच्या वळणावर पलीकडे खोलीचा दिवा दिसला. हौसा डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. मेळ तिकडे न जाता वळला आणि परत आला. शामेळ मध्येच चुकली. गुरुदासने मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावरचे दीड दिवसांचे गणपती ओहोळात गेले. तनया ओल्या कपड्यांनी घरी आली ती हलकी होऊनच. "जाऊं दे आत्ये, झालां आतां. फुडच्या वर्षी मी नक्की उलयतलंय." गणपतीबरोबर तिने आपली भीतीही बुडवून टाकली होती. मला राग आला, आणि मायाही आली. विशीतल्या पोरीने बापाशी, बाबाजीशी, साऱ्या वाड्याशी वाकडं घ्यायचं म्हणजे सोपं नाही. व्हिडिओ बघणारे लोक लांब असतात. वाडा रोज सकाळी दारात असतो.

पण तिची गाठ घाटावरच्या गणपतीशी होती. तिसऱ्या दिवशी अर्चना आमच्या परसात तेरडा न्यायला आली.

"गवर बशयतलांव आज," ती म्हणाली. "आमच्यात तेरड्याची गवर आसता."

"म्हणजे तुमचो गणपती आसा अजून?" तनयाने विचारलं.

"आसा तर. गवर गेल्याशिवाय आई त्याका हालवची नाय." अर्चनाने तेरड्याची मुळं झटकून जुडी बांधली. "परवां तुमची घरां खूप जाली, म्हणून येवंक जमलां नाय मा? आतां या सवडीन."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती गेल्यावर तनया परसातल्या दगडावर बसून रडली.

दिवेलागणीला तिने शामेळ काखोटीला मारली. "आत्ये, तू चल." कोणी वाटेत विचारलं तर मला पुढे करायला, हे मी ओळखलं. आम्ही मागच्या दाराने, बागेतून गेलो. चोरून देवाच्या आरतीला जाणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते, त्यात एक मी.

"ये की गं पोरी, दारातच का हुबारलीस?" हौसा म्हणाली. आमच्या मागे कोणी येतंय का, हे तिने एकदाच बघितलं.

आरती सुरू झाली. दादूची चाल घाटावरची, धावती. तनयाची आमची, संथ. पहिलं कडवं दोघांच्या ओढाताणीत गेलं. मग अर्चनाने झांजेने दोघांना एका तालात आणलं आणि खोली भरून गेली. तनयाचा चेहरा मी बघत होते. भाषण करतानाही ती इतकी चांगली दिसली नव्हती.

निघताना हौसाने करंज्यांनी भरलेला स्टीलचा मोठा डबा पुढे केला. "नेवऱ्या हायत. मेळातल्या समद्यांसाठी केल्याल्या, चवथीदिशीच. न्ये, घरोघरी दे. आमच्याकडच्या म्हनून सांग."

तनयाने डबा घेतला. तिचा चेहरा उतरला. चोरून केलेली आरती चोरूनच राहिली असती. हा डबा तसा राहणार नव्हता.

घरी गुरुदास सोप्यावर बसला होता. तिने त्याच्यासमोर एक नेवरी ठेवली, एक मला दिली.

"खंयची?"

"अर्चनाच्या घरची. आरती करून इलंय."

"कोणाक इचारून?"

"कोणाकच नाय."

गुरुदासने नेवरीला हात लावला नाही. "डबो ठेव थंय."

"ठेवूक नाय हाडलंय, बाबा. सगळ्या मेळाचो आसा. घरोघर दितलंय."

"लोक काय म्हणतले?"

"तांच ऐकूक जातंय," तनया म्हणाली.

ती पुढच्या पायऱ्यांनी उतरली. डब्याचं झाकण वाजत होतं. निहारच्या दारापर्यंत ते आम्हाला ऐकू आलं. मी माझी नेवरी खाल्ली. खुसखुशीत होती.

गुरुदासने समोरच्या नेवरीकडे बघितलं. मग भिंतीवर टांगलेल्या घुमटाकडे बघितलं.

"गवर कधी जाता त्यांची?" त्याने विचारलं.

"परवां," मी म्हटलं.