टाकीतली मोजदाद

"उठू नका हं तुम्ही! मी येते धरायला!" सिस्टरांनी आतल्या खोलीच्या दिशेने हाक दिली. त्यांचा उजवा हात तेव्हा कोपरापर्यंत माशांच्या टाकीत होता आणि जाळीतला मासा काही केल्या जाळीत राहत नव्हता. मेलेला मासा इतका निसटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. शेवटी त्यांनी जाळी बाजूला फेकली आणि मासा सरळ मुठीत धरला. काठीची टकटक जवळ आली तशी मूठ एप्रनच्या खिशात खुपसून त्या उभ्या राहिल्या.

सिस्टरांचे यजमान, कंडक्टर, दारात पोचलेच होते. उजवा पाय ओढत ते टाकीसमोरच्या खुर्चीपर्यंत आले, बसले, काठी मांडीला टेकवली आणि डाव्या हाताचं बोट काचेच्या दिशेने उचललं. रोज सकाळी ते आधी मासे मोजत आणि मगच घासासाठी तोंड उघडत. जन्मभर बसमध्ये उतारू मोजले, तशीच मोजदाद. बोट प्रत्येक माशापाशी थबकायचं, ओठ हलायचे. आवाज मात्र फुटायचा नाही, तो अर्धांगाच्या झटक्यात गेला होता.

आज बोट सहाव्या माशापाशी थांबलं. मग परत पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा सहा. कंडक्टरांनी मान वळवून सिस्टरांकडे पाहिलं.

"असेल हो कुठेतरी दगडामागे," सिस्टर म्हणाल्या. खिशात काहीतरी गार आणि गुळगुळीत त्यांच्या बोटांना लागत होतं. "चला, दूध-पाव खाऊन घ्या बघू."

चमचा ओठांपर्यंत गेला. ओठ मिटलेले राहिले. हिशोब जुळल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा हा माणूस. सिस्टरांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

या घरात खाणं सुटणं म्हणजे काय ते सिस्टरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आयुष्य हॉस्पिटलात गेलं त्यांचं. टाकी येण्याआधी कंडक्टर असेच तोंड मिटून भिंतीकडे बघत पडलेले असायचे. डॉक्टरांनी नाकातून नळी घालावी लागेल असं सुचवून ठेवलं होतं, आणि लेकीला बाजूला घेऊन आणखीही काही सांगितलं होतं. लेक ते आईपासून लपवत होती आणि आई लेकीच्या तोंडावरूनच सगळं वाचत होती. मग लेकीने ही टाकी आणून दिली. वाळू, दगड, पंप, दिवा आणि सात नारिंगी मासे. दुसऱ्याच दिवशी कंडक्टरांनी बोट उचलून मासे मोजले, मोजून झाल्यावर तोंड उघडलं आणि अख्खी वाटी संपवली. सिस्टर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या. नळ सोडला नसता तरी चाललं असतं, पण रडतानाही हात धुऊन घ्यायची त्यांना सवय होती.

कारण स्वच्छता म्हणजे सिस्टर. ऑपरेशन थिएटरातली हत्यारं निर्जंतुक करण्यात त्यांची हयात गेली. मोठमोठे सर्जन हात धुताना आधी मागे वळून बघायचे, सिस्टर बघताहेत का. 'माझ्या ट्रेमधल्या कात्रीने कुणाची जखम चिघळली नाही,' एवढंच त्या स्वतःबद्दल अभिमानाने सांगत. नवरा हॉस्पिटलातून घरी आल्यापासून घराचं थिएटर झालं होतं. भेटायला येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, तोंडाला कापड बांधायचं आणि खिडकीपाशी लांब बसायचं. एवढे सोपस्कार कोण करतो? माणसं हळूहळू यायची बंद झाली. सिस्टरांना ते बरंच वाटलं.

आणि टाकीसुद्धा त्यांनी तशीच ठेवली, लख्ख. वाळू उकळून घेतली. दगड उकळले. पाण्यावर जरा धूसरपणा आला की सगळं पाणी बदललं. पंपातला स्पंज चिकट, तपकिरी झालेला दिसला की त्यांना शिसारी यायची. कढत पाण्याखाली धरून तो पांढरा होईपर्यंत पिळायच्या. आता मासा मेल्यावर तर त्यांनी कंबरच कसली.

त्या दिवशी कंडक्टरांचा डोळा लागलेला बघून त्या माशांच्या दुकानात गेल्या.

"अगदी असाच हवा. याच मापाचा," त्यांनी कागदात गुंडाळलेला मेलेला मासा काउंटरवर ठेवला.

दुकानदार हसला. "ताई, मापाचा शर्ट मिळतो. मासा बघून घ्या त्यातल्या त्यात. कशाने गेला?"

"ते मला कळलं असतं तर तुमच्याकडे आले असते का?"

त्याने मासा दिला आणि वर औषधाची निळी बाटलीही दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी झाली, सात भरले आणि कंडक्टरांनी तोंड उघडलं. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. लबाडी करावी लागली खरी, पण वाटी रिकामी झाली होती.

ती लबाडी पुढे अंगवळणी पडली. आणखी एक मासा पाण्याच्या वर येऊन तोंड उघडमीट करू लागला. त्याच्या कल्ल्यांना लाली आली होती. वॉर्डात शेवटच्या घटका मोजणारी माणसं अशीच हवा गिळायची, त्या उघड्या तोंडाकडे सिस्टरांना बघवेना. तो गेला. त्याच्या जागी नवा आला. मग दोघांच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले आणि ते दगडाला अंग घासू लागले. सिस्टरांनी औषध घातलं, पाणी बदललं, सगळं पुन्हा उकळलं. पाणी इतकं नितळ झालं की टाकीत पाणी आहे की नाही असा प्रश्न पडावा. त्या नितळ पाण्यात मासे मरतच राहिले. रोज पहाटे कंडक्टरांच्या आधी उठून सिस्टर टाकीपाशी जायच्या आणि आधी मेलेला मासा शोधायच्या. थिएटरात मरण आलं तर दारावरचा दिवा, धावपळ, डॉक्टरांचा आवाज असं काही ना काही सांगून यायचं. इथे पंपाची बुडबुड तेवढी चालू असायची.

"मावशी काय मासे तळून खाते का?" दुकानातला एकजण कुजबुजला. सिस्टरांनी ऐकलं आणि पैसे मोजून पिशवी उचलली.

एका सकाळी टाकीत पुरते सात मासे होते. सिस्टरांनी स्वतः दोनदा मोजले होते. कंडक्टर येऊन बसले. बोट उचललं गेलं, एका माशापाशी थबकलं, दुसऱ्यापाशी थबकलं आणि तिसऱ्याला ओलांडून पुढे गेलं. सिस्टरांना वाटलं, नजर चुकली असेल. पण बोटाने आणखी एकाला गाळलं, मग आणखी एकाला. तीन मोजून ते खाली आलं.

तीनच. पहिल्या सातांतले जेवढे उरले होते तेवढेच.

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. बिनतिकिटाचा उतारू गर्दीत कितीही दडला तरी या माणसाच्या नजरेतून सुटला नव्हता कधी. मग हे मासे कसे सुटतील? म्हणजे पहिल्यापासून यांना कळत होतं. कळत असून सात मोजल्यासारखं केलं आणि घास घेतला. का? बायकोने एवढा खटाटोप केलाय, तर तिचं मन राखावं म्हणून. आणि आज ते मन राखायचंही त्यांना जमत नव्हतं. त्यांनी सिस्टरांकडे बघितलंसुद्धा नाही. दूध-पाव तसाच निवला.

दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा जेवले?"

"नाही."

"आई, मी डॉक्टरांशी बोलते. नळीचं..."

"थांब जरा. मासे का मरतात ते सांग आधी. तूच आणलेस ना?"

"आत्ता माशांचं काय? बरं, औषध घातलंस?"

"घातलं. रोज पाणी बदलते. स्पंज उकळते. वाळू उकळते. यापेक्षा काय करायचं माणसाने?"

लेक हळूच म्हणाली, "स्पंज उकळतेस?"

"मग काय घाण ठेवू?"

"अगं आई, त्या घाणीतच ते असतात ना, चांगले जंतू. माशांची घाण विषारी होते पाण्यात, ती ते खातात. नव्या टाकीत आधीच ते कमी. तू प्रत्येक वेळी त्यांना मारतेस आणि वर नवे मासे सोडतेस. आई? ऐकतेयस ना?"

सिस्टर ऐकत होत्या. त्यांना पुढचं सांगायची गरजच नव्हती. जोरकस औषधांनी पेशंटच्या पोटातले चांगले जंतू मेले की पेशंट कसा हगवणीने खंगतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, नव्या नर्सेसना शिकवलं होतं. एवढं ठाऊक असून टाकीपाशी आल्यावर ते कुठे गेलं? जंतू दिसला की मारायचा, एवढंच हातांना येत होतं.

त्या टाकीपाशी आल्या. कंडक्टर खुर्चीतच होते. सिस्टर त्यांच्या पायांशी जमिनीवर बसल्या.

"अहो, मीच मारले हो ते," त्या म्हणाल्या. "धुऊन धुऊन मारले. आणि तुम्हाला फसवलं. तुम्ही खावं म्हणून फसवलं." त्यांना हुंदका आला. "मला दुसरं काही येतच नाही बघा. मला फक्त धुता येतं."

कंडक्टर काचेकडेच बघत होते. मग डावा हात सिस्टरांच्या डोक्यावर आला आणि तिथे जड होऊन राहिला. माफी होती की नुसता थकवा, ते त्यांना कळलं नाही.

लेकीच्या सांगण्यावरून सिस्टर दुकानात गेल्या आणि चालू टाकीतला मळका स्पंज मागितला. दुकानदाराने तो काळा, गिळगिळीत गोळा पिशवीत घालून दिला. घरी येऊन सिस्टरांनी तो स्वतःच्या लख्ख पाण्यात पिळला. पाण्यात करडा धूर पसरला. त्यांचं अंग शहारलं, पण हात मागे घेतला नाही. थोडंसंच पाणी बदलायचं, बाकी काही नाही. काही न करणं एवढं अवघड असतं हे त्यांना उतारवयात कळलं. स्पंजावर तपकिरी थर चढताना बघून बोटं शिवशिवायची, मग त्या हात मांडीखाली दाबून बसायच्या.

उशीर झाला होता. ठिपकेवाले मासे एकेक करून गेले. आता सिस्टर त्यांना लपवून काढत नव्हत्या. कंडक्टर खुर्चीत येऊन बसले की त्यांच्यादेखत काढायच्या. कंडक्टर मेलेल्या माशाकडे बघायचे, मान खाली घालायचे आणि चार-पाच घास घ्यायचे. त्यापुढे नाही. त्यांच्या गालांची हाडं वर आली. श्वासाला एक घरघर लागली होती. ती सिस्टरांना दुसऱ्या खोलीतूनही ऐकू यायची, आणि ती कसली हेही त्यांना कळायचं.

शेवटी टाकीत दोनच मासे उरले. एक पहिल्या सातांतला, शेपटी कुरतडलेला. एक दुकानातून मागाहून आणलेला. पाणी फिकट चहासारखं झालं होतं, दगडांवर हिरवं धरू लागलं होतं आणि त्या घाणीत ते दोघे चक्क हुंदडत होते. ठिपके गेले होते.

"बघा, बघा, कसे पळताहेत!" सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कंडक्टरांना धरून खुर्चीत बसवलं. आता त्यांना काठीही पेलत नव्हती.

कंडक्टरांनी बोट उचललं. कुरतडलेल्या शेपटीच्या माशापाशी ते थबकलं, ओठ हलले. एक. मग ते मागाहून आलेल्या माशापाशी गेलं. बोट थांबलं, ओठ हलले. दोन. सिस्टरांना हसू फुटलं.

"दिलंत एकदाचं तिकीट?"

कंडक्टरांच्या तोंडाचा चांगला कोपरा किंचित वर गेला. बोट मात्र खाली आलं नाही. ते काचेवरून सरकत सरकत खोलीत वळलं आणि सिस्टरांच्या छातीपाशी येऊन थांबलं. ओठ हलले. तीन.

सिस्टर वाट बघत राहिल्या. मोजणी पुरी झाल्यासारखं बोट हळूहळू मिटू लागलं.

"अहो, आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं.

कंडक्टर शांतपणे त्यांच्याकडे बघत होते. कंडक्टर उतारूंत स्वतःला धरत नाही, एवढं सिस्टरांना एवढ्या वर्षांच्या संसारात कळत होतं. तरी त्यांनी ते मिटणारं बोट धरलं, सरळ केलं आणि कंडक्टरांच्याच छातीवर टेकवलं.

"चार," त्या म्हणाल्या.

बोट थोडा वेळ तिथे राहिलं. मग त्यांच्या हाताखालून आपसूक घसरून मांडीवर पडलं. सिस्टरांनी ते पुन्हा उचललं.

"चार," त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने चमचा दुधात बुडवला.