तुतीखालचा गवत्या

गुलाबराव मेश्राम रविवारी मासे धरायला निघाले की कुमुदिनी डबा घेऊन बरोबर जायची. आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून सकाळीच गाडी काढायची आणि सोहना गावाच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या तळ्यावर दिवस घालवायचा, हा त्यांचा शिरस्ता. मासा धरला तरी परत सोडायचा, एवढी मालकाची अट होती. गुलाबराव आपल्या जाडजूड रॉडनं शिशाचं वजन लावलेलं आमिष तळाशी टाकत आणि खुर्चीत पेपर उघडून बसत. कुमुदिनी ऑफिसच्या फायलींपासून सुटका म्हणून यायची. गळाला तिनं कधी हात लावला नव्हता.

एप्रिलमध्ये एकदा ती पाय मोकळे करायला पलीकडच्या काठाला गेली. तिथं तुतीचं जुनं झाड पाण्यावर वाकलं होतं. एक पिकलेली तुती टपकन पडली आणि खालून एक तोंड वर आलं. वाटीएवढं, पांढुरकं. तुती आत गेली, पाणी मिटलं. मग जरा बाजूला दुसरं तोंड. कुमुदिनी जागच्या जागी खाली बसली. हिरवट पाण्यात लांबलचक सावल्या सावकाश फिरत होत्या. तिचं बालपण भंडाऱ्याकडच्या तळ्यांच्या काठी गेलं होतं, पण तिथं मासे तिनं बाजाराच्या टोपलीतच पाहिलेले. जिवंत, निवांत जेवणारे असे कधीच नाही.

तिनं नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडे या. हळू या!"

"गवत्या आहेत, गवत खाणारे मासे," गुलाबराव कुजबुजले आणि घाईनं रॉड घेऊन आले. शिसं धपकन पाण्यात आदळलं. क्षणात सगळ्या सावल्या नाहीशा झाल्या.

"धोंडा मारल्यावर कोण जेवत बसेल?" कुमुदिनी म्हणाली.

"बिनवजनाचं आमिष या रॉडनं जाणारच नाही, यार. त्याला हलका रॉड लागतो."

"मग हलका घेऊ. माझ्यासाठी."

पुढच्या शनिवारी दोघं करोल बागेतल्या दुकानात गेली. दुकानदार एकेक रॉड काढून गुलाबरावांच्याच हातात देत होता. कुमुदिनीनं ते शांतपणे आपल्याकडे घेतले. काही हलके होते, पण ताठ. फक्त शेंडा हलायचा. शेवटी कोपऱ्यातला एक बारीक रॉड तिनं उचलला.

"मॅडम, बड़ी मछली के लिए ये बहुत नरम है," दुकानदार म्हणाला.

"अहो, या रॉडचा दोरा धरून जरा बाहेर मागे मागे जा," ती नवऱ्याला म्हणाली.

गुलाबराव भर फुटपाथवर माशासारखे ओढ घेऊ लागले. येणारेजाणारे थबकले. रॉड शेंड्यापासून वाकत वाकत थेट तिच्या मुठीपर्यंत आला. झटका कुठेच बसला नाही. माणूस मान झुकवून ऐकतो, तसा तो ओढीबरोबर झुकत होता.

"हाच," ती म्हणाली.

रविवारी तुतीखाली तिनं ब्रेडच्या कडेचा कडक तुकडा गळाला लावला आणि हात नुसता पुढे सोडला. तुकडा अलगद पाण्यावर टेकला. एक सावली आली, खालून फिरली, निघून गेली. कुमुदिनी श्वास रोखून उभी. मग दुसरी आली, पहिलीपेक्षा मोठी. तोंड उघडलं आणि ब्रेड दिसेनासा झाला.

दोरा सरसर सुटला आणि रॉडवरच्या रीलनं किंकाळी फोडली.

"ओढ, कुमुद, ओढ!" गुलाबराव ओरडले.

तिनं ओढलं नाही. तो पळाला तेव्हा पळू दिलं, थांबला तेव्हा दोरा गुंडाळला. रॉड मुठीपर्यंत वाकला होता आणि त्यातून त्या जिवाचा प्रत्येक हेलकावा तिच्या हातात येत होता. दंड भरून आले, पदर चिखलात गेला. बऱ्याच वेळानं मासा काठाशी आला. गुलाबराव पॅन्टसकट पाण्यात उतरले आणि त्यांनी जाळी त्याच्याखाली धरली.

तो जवळजवळ त्यांच्या कमरेखालच्या अख्ख्या पायाएवढा लांब होता. प्रत्येक खवल्याला काळी किनार, जणू कुणी बसून एकेक रेखाटलेली. कुमुदिनीही काठाशी पाण्यात उतरली. तिनं हात ओले केले, ओठातला गळ सोडवला आणि त्याला पाण्यातच दोन्ही हातांवर धरलं. कल्ले उघडत होते, मिटत होते. डोळा तिच्याकडे होता की आभाळाकडे, कळत नव्हतं. तिनं पकड सोडली तरी तो हलला नाही. तिच्या तळव्यांवर आपलं सगळं वजन टाकून थांबला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"केवढा आहे हो," ती पुटपुटली.

शेपटी एकदाच हलली आणि हात रिकामे झाले.

गुलाबराव कमरेएवढ्या पाण्यात तसेच उभे होते. "इतकी वर्षं मी पेपर वाचत होतो," ते म्हणाले.

दोघं ओल्या कपड्यांनीच झाडाखाली बसली. तुती पडत राहिल्या. थोड्या वेळानं लांबवर एक तोंड वर आलं. गुलाबरावांनी ब्रेडची पिशवी तिच्यापुढे केली. तिनं ब्रेड कुस्करला आणि गळाशिवायच पाण्यावर पसरून दिला.